मदतीला निघालात, पण बोलावलंय कुणी?

पुण्या-मुंबईत परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारी कचेरी शोधायला लांब जावं लागत नाही. तिथे गुण, परीक्षा, शिफारसपत्रं असं सगळं बोलून झालं की समुपदेशक हमखास विचारतो, “प्रोफाइलमध्ये सोशल वर्क काय आहे?” मुलगा आईकडे बघतो, आई वडिलांकडे. मग त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिराती दिसायला लागतात. बालीतल्या कासवांची पिल्लं, केनियातली शाळा, कंबोडियातला अनाथाश्रम. दोन आठवडे, प्रमाणपत्रासह. विमानभाडं धरलं तर खर्च सहज लाखाच्या पुढे जातो, पण अर्जात एक भारदस्त ओळ येते आणि मुलगा जग बघून येतो. कुणाचं काय बिघडलं?

बिघडू शकतं, आणि ते जाणाऱ्याचंच बिघडतं असं नाही. अडचण अशी की चांगली योजना आणि निव्वळ धंदा मोबाइलच्या पडद्यावर सारखेच दिसतात. तीच हसरी मुलं, तेच टी-शर्ट. दोन्हींतला फरक ओळखायचा तर मी एकच प्रश्न आधी विचारेन: तुम्हाला बोलावलंय कुणी?

या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आपल्याच सोलापुरात सापडतं. १९३७मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी गोळा करायचं आवाहन केलं आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पाच डॉक्टर चीनकडे निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. सत्तावीस वर्षांच्या कोटणीसांकडे डॉक्टरकी होती, चिनी भाषा नव्हती. ती ते तिथे शिकले, इतकी की पुढे त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस आघाडीवरच्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचा त्याग तेवढा आठवतो. मला त्या मोहिमेची आखणी जास्त बोलकी वाटते. गरज तिकडून कळवली गेली, ती नेमकी कसली हे ठाऊक होतं, ती भागवू शकणारी माणसंच निवडली गेली, आणि खर्च जाणाऱ्यांच्या आईवडिलांवर पडला नाही.

उलट दिशेचं उदाहरण विक्रोळीचं. १९६६मध्ये अमेरिकेच्या ‘पीस कॉर्प्स’तर्फे एक अडुसष्ट वर्षांच्या परिचारिका गोदरेजच्या वसाहतीत येऊन राहिल्या. कुटुंबनियोजनाच्या कामापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्यांनी हातभार लावला. त्यांचं नाव लिलियन कार्टर. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या त्या आई. पीस कॉर्प्स फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे आणि भारतातलं त्यांचं काम १९७६मध्ये थांबलं, त्यामुळे आपल्या वाचकाला तिथे अर्ज करता येणार नाही. पण त्यांची रीत बघण्यासारखी आहे: आधी सुमारे तीन महिने भाषेचं आणि कामाचं प्रशिक्षण, मग दोन वर्षं मुक्काम. दोन आठवडे नव्हे. दोन आठवड्यांत माणसाला पाणी कुठे उकळून प्यायचं एवढंच कळतं.

आता पैशांचं. स्वयंसेवा म्हणजे फुकट काम, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. पण जिथे काम खरंच हवं असतं, तिथे येणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय बोलावणारा करतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, १९७०च्या महासभेच्या ठरावातून निघाला. मुख्यालय जर्मनीत बॉनला. अठरा ते सव्वीस वयाच्या तरुणांसाठी तिथे वेगळा गट आहे, सत्तावीसच्या पुढच्या अनुभवी लोकांसाठी वेगळा. पगार नसतो, पण राहण्याखाण्यापुरता मासिक भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. जर्मनीच्या ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’ या संघराज्य स्वयंसेवा योजनेत (नाव उच्चारता आलं तर निम्मी भाषा आलीच म्हणायची) वृद्धाश्रम, रुग्णालयं, अपंगांच्या संस्था अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम असतं. खर्चाला पैसे आणि सामाजिक विमा मिळतो, बरेचदा राहण्याचीही सोय होते. भारतीय तरुण तिकडे जातात. मात्र जर्मन बऱ्यापैकी यावं लागतं, कारण वृद्धाश्रमातल्या आजोबांना इंग्रजी येत नाही. या जागांसाठी संस्थेकडे थेट अर्ज करता येतो. तरीही मध्ये बसून लाखोंची फी मागणारे एजंट आहेतच. त्यांना टाळा.

‘मेदसां सां फ्राँतिएर’चं, म्हणजे सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचं, नावही अनेकांच्या यादीत असतं. तिथे नुसता उत्साह चालत नाही. डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, पाणीपुरवठ्याचे अभियंते अशी अनुभवी माणसं ते घेतात आणि त्यांना पगार देतात. महाविद्यालयीन मुलांत ‘आयसेक’ या विद्यार्थी संघटनेच्या सहा-आठ आठवड्यांच्या योजना लोकप्रिय आहेत. त्यांना शुल्क पडतं, आणि काम कसं मिळेल हे बरंचसं तिकडच्या स्थानिक शाखेवर ठरतं. शुल्क घेतलं म्हणजे फसवलं, असं मी म्हणणार नाही. छोट्या संस्थेला तुमच्या जेवणाचा खर्च परवडत नसेल तर तो तुम्ही देणं रास्तच आहे. पण भरलेल्या पैशांतला किती वाटा त्या गावात पोहोचतो, हे लेखी मागा. नीट चाललेली संस्था सांगते. जी सांगत नाही ती प्रवासी कंपनी आहे, आणि मग तिची तुलना दुसऱ्या प्रवासी कंपनीशी करावी.

कमी खर्चात आणि कमी दिवसांत काही करायचं असेल, तर श्रमशिबिरांची जुनी परंपरा आहे. पिएर सेरेझोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरं उभारायला वेगवेगळ्या देशांची माणसं जमवली. त्यांत जर्मनही होते. हेतू उदात्त होता, पण युद्धात होरपळलेल्या त्या मुलखाला जर्मन हात सोसवले नाहीत आणि काही महिन्यांत शिबिर गुंडाळावं लागलं. त्यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः इकडे आले आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामात राहिले. पन्नासच्या दशकात याच संघटनेचे तरुण वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन इमारतींच्या बांधकामावर राबले. ज्या काळात आसपासचे लोक कुष्ठरोग्यांच्या वस्तीकडे फिरकत नव्हते, त्या काळात. तिथे परदेशी पाहुण्यांच्या विटांइतकंच त्यांचं नुसतं असणंही उपयोगी पडलं असेल. ही दोन-तीन आठवड्यांची शिबिरं आजही निरनिराळ्या देशांत भरतात.

मात्र एका जागी अजिबात जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन: अनाथाश्रम. कंबोडियात पर्यटन वाढलं तसे अनाथाश्रमही वाढले. अनाथ मुलं मात्र त्या प्रमाणात वाढली नव्हती. सरकार आणि युनिसेफ यांनी पाहणी केली तेव्हा या संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचं दिसलं. ‘शिक्षण मिळेल, इंग्रजी येईल’ असं सांगून मुलं खेड्यांतून आणली जात होती, कारण पाहुण्यांना दाखवायला मुलं लागत होती. नेपाळमध्येही तेच. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर दाटली आहेत. ज्या डोंगराळ जिल्ह्यांत गरिबी जास्त, तिथे ती विरळ. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा देणग्यांसाठी मुलं अनाथाश्रमांत आणून ठेवण्याच्या या प्रकाराची गणना गुलामगिरीत केली.

आणि आश्रम खरा असला तरी? दर पंधरा दिवसांनी नवी ताई येते, गळ्यात पडते, गाणं शिकवते, रडत निरोप घेते. मग दुसरी येते. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याला हे सोडून जाणं महिन्यातून दोनदा भोगावं लागतं. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नुसार बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. मग कंबोडियातल्या सिएम रीपमधल्या मुलाला मांडीवर घेतलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना आपला हात का अडखळू नये? लहान मुलांसोबत काम देणारी संस्था तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागत नसेल, तर ती कुणालाही आत घेते. पासपोर्ट कार्यालयातून हा दाखला सहज मिळतो. न मागताही काढून न्या.

इथे जे चालत नाही ते तिथेही नको, हा नियम कौशल्यालाही लावावा. जे काम पुण्यात करायचा तुम्हाला परवाना नाही, ते टांझानियात करू नये. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला ससूनमध्ये टाके घालू देणार नाहीत. परदेशातल्या एखाद्या गरीब दवाखान्यात ‘हँड्स-ऑन’ अनुभव म्हणून घालू देतात, आणि योजनेच्या माहितीपत्रकात ते आकर्षण म्हणून छापलेलं असतं. त्या रुग्णाला कुणी विचारलेलं नसतं. भिंती रंगवणं, विटा रचणं ही कामं तशी निरुपद्रवी दिसतात. पण त्या गावात गवंडी असतो, आणि तुमच्या तिकिटाच्या पैशांत त्याची कित्येक महिन्यांची मजुरी निघते. इव्हान इलिच या विचारवंताने १९६८मध्ये मेक्सिकोत अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं, की तुम्ही पाहायला आणि शिकायला जरूर या, उपकार करायला मात्र येऊ नका. मला तो सूर थोडा जास्तच कडक वाटतो, कारण कोटणीसही घडतात. पण सदिच्छा असली की काम आपोआप चांगलं होतं, या समजुतीला तो हवाच होता.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ व्हिसाचा होतो. ‘पगार नाही ना, मग पर्यटक व्हिसावर चालतं’ हे वाक्य एजंट बेधडक फेकतात. बहुतेक देशांना बिनपगारी काम हेही कामच वाटतं. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही. ब्रिटनमध्ये अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर तीस दिवस हातभार लावता येतो. त्यापुढे वेगळा व्हिसा लागतो. सेंद्रिय शेतांवर राबून बदल्यात राहणं-जेवण देणारी ‘वूफ’ची कल्पना छान आहे, पण तिथेही कित्येक देशांत विमानतळावरचा अधिकारी हेच विचारतो. विमानतळावर खोटं बोलायला सांगणारी संस्था पुढेही तुम्हाला वाऱ्यावरच सोडणार. पकडले गेलात तर परत पाठवलं जाईल आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचा खुलासा तुम्हाला करावा लागेल, संस्थेला नाही.

याच्याही पलीकडचा धोका गेल्या काही वर्षांत समोर आला आहे. कंबोडिया, लाओस, म्यानमार इथे नोकरीच्या आमिषाने नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेल्या भारतीयांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार सावध केलं. सुटका झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही आहेत. तिकीट फुकट, काम मोघम, पासपोर्ट ‘व्हिसाच्या कामासाठी’ आमच्याकडे द्या, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबावं, मग त्याला नाव नोकरीचं दिलेलं असो की समाजसेवेचं. संयुक्त राष्ट्रांच्या नावाने येणाऱ्या खोट्या पत्रांची खूण सोपी आहे: ती पैसे मागतात. संयुक्त राष्ट्रांची खरी संस्था भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे मागत नाही.

आरोग्याचं थोडक्यात. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती फक्त अधिकृत केंद्रांत मिळते आणि तिचा दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो, एकदा घेतली की जन्मभर. दाखल्याविना अशा देशातून परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. विमा घेताना आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघा. साध्या प्रवासविम्यात तो पुरेसा असेलच असं नाही. मलेरियाच्या गोळ्या आणि रेबीजची लस यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या आधी निदान दीड महिना भेटा.

आणि इतकं सगळं वाचून वाटलं, की आपल्याकडे एवढा वेळही नाही आणि पैसाही नाही, तर यूएनव्हीची ऑनलाइन स्वयंसेवा २०००पासून चालू आहे. भाषांतर, संकल्पन, माहितीचं विश्लेषण अशी कामं घरबसल्या करता येतात. तिथे काम संस्थेने आधी लिहून मागितलेलं असतं आणि तुम्ही नंतर अर्ज करता. क्रम बरोबर आहे.

ज्यांना प्रत्यक्षच जायचंय त्यांनी पैसे भरण्याआधी संस्थेकडे तीन गोष्टी मागाव्यात: कामाचं स्वरूप आणि तास लिहिलेलं करारपत्र, तिकडच्या यजमान संस्थेचा थेट फोन, आणि गेल्या वर्षी जाऊन आलेल्या दोघा भारतीयांशी बोलण्याची सोय. त्या दोघांना विचारा, की तुम्ही निघून आल्यावर तुमचं काम कोण करतंय. उत्तर मिळालं तर तिकीट काढा.