पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची भेट : कशी घ्यावी, काय पाहावे

नव्या वाणाची वार्ता गावात दोन मार्गांनी येते. एक छापील शिफारशीतून व दुसरा शेजाऱ्याच्या फडातून. शिफारस वाचून मनाची खात्री होत नाही, आणि शेजाऱ्याचा फड कितीही उत्तम दिसला तरी त्याची जमीन व पाणी आपले नसते. एतदर्थ जेथे वाणांची पारख होते ते ठिकाण शेतकऱ्याने एकदा स्वतः पाहावे, हे श्रेयस्कर होय. मात्र नुसते फिरून आल्याने लाभ होत नाही. भेटीची तयारी कशी करावी व तेथे काय पाहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

केंद्राचा परिचय

मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील नीरा स्थानकाहून तेथे जाणे सोयीचे पडते. केंद्राची स्थापना १९३२ मध्ये झाली. कालव्यांचे पाणी आल्यावर दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात ऊस वाढला आणि त्याच्यामागोमाग जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. उसाचे उत्पन्न वाढविणे आणि या जमिनींचा अभ्यास करणे, ही दोन्ही कामे केंद्राकडे आली. राहुरी येथे १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाली व पुढे हे केंद्र विद्यापीठाच्या अखत्यारीत आले.

निघण्यापूर्वी

केंद्रप्रमुखांस आगाऊ पत्र पाठवून दिवस ठरवून घ्यावा. पंधरा-वीस जणांहून मोठा गट नेऊ नये. मागे राहिलेल्यास काही ऐकू येत नाही. प्रत्येकाने आपल्या शेतापुरते दोन-तीन प्रश्न लिहून आणावेत. आडसाली लागवड १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात होते. बेण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, उभा ऊस आठ-दहा महिन्यांचा असताना भेट ठरविल्यास तुलना चांगली करता येते.

ज्यांच्या शेतात पांढरी झाक दिसते त्यांनी मातीपरीक्षण अगोदर करून अहवाल सोबत न्यावा. अशा जमिनीत ०-३०, ३०-६० व ६०-९० सें.मी. अशा तीन थरांतील माती निरनिराळ्या स्वच्छ कापडी पिशव्यांत भरावी व प्रत्येकीत चिठ्ठी ठेवावी. बांधाजवळची, झाडाखालची अथवा खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. विहिरीच्या पाण्याचा नमुना पंप काही वेळ चालवून मगच घ्यावा.

प्रयोगक्षेत्रात काय पाहावे

आपल्या हवामानात उसाला तुरा आला तरी रुजणारे बी सहसा धरत नाही. म्हणून संकराचे काम कोईमतूर येथे होते. तेथील ऊस प्रजनन संस्था १९१२ मध्ये स्थापन झाली. तेथून आलेल्या बियांपासून पाडेगावला रोपे वाढवितात. हजारो रोपांतून थोडी निवडली जातात, त्यांच्या टिपऱ्या लावून पुन्हा निवड होते, आणि शिफारशीपर्यंत पोचण्यास दहा-बारा वर्षे सहज लागतात. वाणाच्या नावातील 'को' म्हणजे कोईमतूर व 'एम' म्हणजे महाराष्ट्र. को ७४० या वाणाने एके काळी महाराष्ट्रातील उसाचे बरेच क्षेत्र व्यापले होते. पुढे १९९६ मध्ये को ८६०३२ आणि २००७ मध्ये कोएम ०२६५, म्हणजेच फुले २६५, हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले.

एकच वाण चार ठिकाणी विखरून लावलेला पाहून पुष्कळांना नवल वाटते. त्याचे कारण असे की, एका शेतातही जमीन सर्वत्र सारखी नसते. वाण एकाच वाफ्यात लावला तर उत्पन्न वाणामुळे आले की जमिनीमुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून चारही वाफ्यांची सरासरी धरतात. कडेच्या सरीतील उसास ऊन व मोकळी जागा अधिक मिळते, त्यामुळे तो जोमदार दिसतो. पाहणाऱ्याने त्यावरून मत न बनविता आतील सऱ्यांत शिरून ऊस पाहावा.

प्रयोगक्षेत्रातील कांडी उचलून घरी नेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तो वाण अद्याप पारखलेला नसतो, आणि अशा कांडीबरोबर काणी अथवा गवताळ वाढ हे रोग आपल्या शेतात येऊ शकतात. बेणे रीतसर मागणी नोंदवूनच घ्यावे. मूलभूत बेण्यास ५४ अंश सेल्सिअस तापमानात १५० मिनिटे उष्ण बाष्प प्रक्रिया देतात. त्यापासून पायाभूत व पुढे प्रमाणित बेणे तयार होते. बेणेमळ्यातील ऊस नऊ ते अकरा महिन्यांचा असावा.

खारवट जमिनीचा प्रश्न

कालव्याच्या भागातील शेतकरी हमखास विचारतात, "खारवट जमिनीत कोणता वाण लावावा?" फुले २६५ हा वाण क्षारयुक्त जमिनीत इतर काही वाणांपेक्षा तग धरतो, हे खरे. परंतु तग धरणे म्हणजे जमीन सुधारणे नव्हे. पाण्याची पातळी वर आली की ओलाव्याबरोबर क्षार वर चढतात. पाणी उडून जाते व क्षार पृष्ठभागावर राहतात. हे कारण कायम ठेवून वाण बदलल्यास दोन-चार हंगाम निघतील, पण जमीन हातची जाईल.

येथे मातीचा अहवाल उपयोगी पडतो. सामू ८.५ हून कमी व विद्राव्य क्षार अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. चर काढून निचरा करावा व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. सामू ८.५ हून अधिक व विनिमययुक्त सोडियम जास्त असल्यास ती चोपण असते. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. निचऱ्यावाचून टाकलेले जिप्सम वाया जाते. दोहोंतही पाण्याची पाळी आवरणे अगत्याचे आहे. चर एकट्याच्या शेतात संपत नाही, त्याला पुढे ओढ्यापर्यंत वाट लागते. म्हणून एका शिवारातील शेजाऱ्यांनी एकत्रच भेटीस जावे.

परतल्यावर

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे काम येथून सुरू होते. एका होतकरू शेतकऱ्याच्या शेतात नवा व जुना वाण शेजारी शेजारी, एकाच दिवशी, सारख्या खतपाण्यावर लावावा. तोडणीच्या वेळी दोहोंचे वजन निरनिराळे करून नोंद ठेवावी आणि ती केंद्रास कळवावी. वाण कमी उतरला तरीही कळवावे, कारण कोणत्या जमिनीत तो चालत नाही, हे संशोधकांस आपल्या शिवारातूनच समजते. शेतकरी बंधु-भगिनींनी येत्या हंगामापूर्वी अशी भेट अवश्य योजावी.