जुने ईमेल आपोआप डिलीट कसे करायचे? आणि कोणते कधीच करायचे नाहीत?

माझा मावसभाऊ पवनी तालुक्यातल्या आसगावला राहतो. मध्यंतरी त्याला एका कंपनीतून फोन आला, "मुलाखतीचा मेल पाठवला होता, तो परत आला." जीमेल उघडून पाहिलं तर स्टोरेज फुल्ल! फोन आला म्हणून मुलाखत वाचली. पण फोन प्रत्येकालाच येतो असं नाही.

त्याचा पहिला प्रश्न होता, "दादा, माझ्या अॅपमध्ये तर फक्त 30 दिवसांचे मेल सेट आहेत. मग जागा भरली कशी?"

मेल फोनमध्ये नसतात

ती 30 दिवसांची सेटिंग सिंकची आहे, डिलीटची नाही. किती दिवसांचे मेल फोनवर उतरवून ठेवायचे, एवढंच ती ठरवते. खरे मेल गूगलच्या सर्व्हरवर असतात आणि तुम्ही काढेपर्यंत तिथेच राहतात. फोन म्हणजे नुसती खिडकी.

गूगल 15 जीबी जागा फुकट देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. 1 जून 2021 पासून फोटोजचा बॅकअपही त्यात मोजला जातो. जागा संपली की नवा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणून आधी गूगल वनच्या स्टोरेज पानावर जाऊन जागा नेमकी कोणी खाल्ली ते बघा. समजा 75 केबीचे 10,000 ऑफर मेल असतील, तर ते साधारण 750 एमबी होतात. कधी कधी खरा दोषी व्हिडिओ असतो.

नुसता फिल्टर पुरत नाही

जीमेलचा फिल्टर मेल येतो त्या क्षणी चालतो. "60 दिवसांनी डिलीट कर" असं त्याला सांगता येत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं.

1. लेबल लावा. हे अॅपमध्ये होत नाही, ब्राउझरमध्ये "डेस्कटॉप साइट" चालू करून जीमेल उघडा. सेटिंग्जमध्ये नवा फिल्टर बनवा, ऑफर पाठवणाऱ्यांचे पत्ते टाका आणि "कचरा-60" असं लेबल लावायला सांगा. जुन्या मेलनाही फिल्टर लावायचा पर्याय टिक करा.

2. रोजची स्क्रिप्ट लावा. गूगल अॅप्स स्क्रिप्ट फुकट आहे. दहा-पंधरा ओळींत काम होतं : "कचरा-60" लेबलचे, 60 दिवसांपेक्षा जुने, स्टार नसलेले थ्रेड शोधायचे आणि ट्रॅशमध्ये टाकायचे. एका वेळी जास्तीत जास्त 100 थ्रेड हलवता येतात. मग रोज एकदा चालेल असा ट्रिगर लावा.

इथे एक खड्डा आहे. एका थ्रेडमध्ये जुना मेल आणि कालचं उत्तर दोन्ही असतील, तर शोधात तो थ्रेड "जुना" म्हणून येतो आणि अख्खा ट्रॅशमध्ये जातो. म्हणून स्क्रिप्टमध्ये थ्रेडमधल्या शेवटच्या मेलची तारीख तपासाच. पहिल्यांदा चालवताना काहीही डिलीट न करता नुसती यादी छापून बघा.

कोडिंग नको असेल तर जीमेल अॅपच्या सर्चमध्ये पाठवणाऱ्याचं नाव निवडा, तारखेत "एक वर्षापेक्षा जुने" निवडा आणि महिन्यातून एकदा हाताने साफ करा. आउटलुक डॉट कॉम वापरत असाल तर काम आणखी सोपं. वेबवर "स्वीप" बटण आहे, त्यात एखाद्या पाठवणाऱ्याचे 10 दिवसांपेक्षा जुने मेल कायम डिलीट करत राहायचा पर्याय मिळतो.

स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर

कॉलेज प्रोजेक्टसाठी कोणी डव्हकॉट चालवत असेल, तर त्यात "ऑटोएक्सपंज" ही सेटिंग आहे. ती फक्त ट्रॅश आणि जंक फोल्डरला लावा, मुदत 30 दिवस. इथून गेलेला मेल परत आणायचा तर बॅकअपच लागतो, इनबॉक्सला चुकूनही लावू नका.

लावण्याआधी एवढं बघा

- जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल 30 दिवस राहतो. चूक झाली तर तेवढीच मुदत. आणि तोवर तो जागाही अडवतो, म्हणून लगेच जागा हवी असेल तर ट्रॅश रिकामा करावा लागतो.
- हॉल तिकीट, फी पावती, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑफर लेटर, बँकेचे मेल यांना वेगळं "ठेवा" लेबल लावा आणि ते स्क्रिप्टमधून वगळा.
- कॉलेजचा ईमेल असेल तर किती दिवसांनी मेल उडवायचे हे तिथला अॅडमिन ठरवू शकतो. पास होण्याआधी कामाचे मेल उतरवून घ्या.
- "एका क्लिकवर इनबॉक्स साफ" म्हणणाऱ्या अनोळखी अॅपला मेलची परवानगी देऊ नका. पासवर्ड बदलायच्या लिंक याच इनबॉक्समध्ये येतात.

भावाच्या खात्यात आम्ही आधी "ठेवा" लेबल बनवलं, "कचरा-60" नंतर. तुम्हीही हाच क्रम ठेवा. काय टिकवायचं ते माणसानं ठरवायचं, बाकीचं झाडणं मशीनवर सोडायचं.