पाचवा भागाकार

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या तयार होते. तुलूजच्या न्यायालयातली नोकरी सांभाळून गणित करणाऱ्या प्येर द फर्माने १६४० मध्ये पत्रातून कळवलं, की ही मूळ संख्या असावी. पुरावा नव्हता, खात्री मात्र दांडगी. याच घडणीच्या आधीच्या पाच संख्या, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, खरोखरच मूळ आहेत. मग सहावीने दगा का द्यावा?

१७२९ मध्ये गोल्डबाखने हा प्रश्न तरुण ऑयलरच्या कानावर घातला. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून उत्तर आलं: ६४१ × ६७,००,४१७.

एवढी मोठी संख्या, हाती फक्त कागद आणि टाक, तेव्हा फर्माची चूक क्षम्य आहे असं सहसा म्हणतात. मला ते पटत नाही. ही संख्या फोडायचं हत्यार फर्माचंच होतं, आणि तेही १६४० सालचंच! मूळ संख्या 'प' हिचा या संख्येला पूर्ण भाग जातो असं धरा. मग २ च्या ३२ व्या घाताला 'प'ने भागल्यावर बाकी उणे १ येते, म्हणून ६४ व्या घाताला १, आणि त्याआधी कुठेही १ येत नाही. पण फर्माचं छोटं प्रमेय सांगतं, की (प − १) व्या घाताला बाकी १ येतेच. म्हणजे प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

या चाळणीतून काय उरतं पाहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, की काम फत्ते. त्यातली २५७ तर आधीच्या पाचांतली. अशा कोणत्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, तेव्हा तीही वगळता येते. चाळणीविना २ पासून एकेक मूळ संख्या लावत गेलं, तर ६४१ चा क्रमांक ११६ वा. तेही दोन-तीन दिवसांचंच काम. फर्माने आकडेमोड केली आणि ती कुठेतरी चुकली, असा माझा तर्क आहे.

गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सतरा बाजूंची सुसम आकृती पट्टी-कंपासने काढता येते हे दाखवलं आणि या संख्या भूमितीत आल्या. ६५,५३७ बाजूंच्या आकृतीवर तर हेर्मेस नावाच्या एका जर्मन गृहस्थाने दहा वर्षं घालवली. ते बाड ग्योटिंगेनला आहे. पट्टी-कंपासने निघणाऱ्या, विषम बाजूंच्या सर्वांत मोठ्या ज्ञात सुसम आकृतीला बाजू किती? ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येहून बरोबर दोन कमी.

फर्माच्या यादीतली सातवी संख्या १८८० मध्ये लाँद्रीने फोडली. आपल्या संख्येपासून पुढे, २ चा घातांक ३२ पासून दुप्पट होत जाणाऱ्या सलग २८ संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यांतल्या काहींचा एकही विभाजक अजून सापडलेला नाही. यानंतरच्या संख्येत २५८ कोटींहून जास्त अंक आहेत. ती मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागायचा आहे.