रूपानुकरण, लिनक्स पटलाचे

लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पटलाची म्हणजेच डेस्कटॉपची मांडणी, रंग, चिन्हे आणि काही अंशी वर्तन बदलून ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोज, ॲपलच्या मॅकओएस किंवा अन्य प्रणालीच्या पटलासारखे करणे, यास रूपानुकरण म्हणता येईल. यात प्रणालीचा गाभा तसाच राहतो. पालटते ते केवळ वापरणाऱ्यासमोरील दर्शनी अंग. एका प्रणालीची सवय जडलेल्या व्यक्तीस दुसरीकडे जाणे सुकर व्हावे, हा यामागील मुख्य हेतू होय. निव्वळ हौसेपोटी असे करणारेही पुष्कळ आहेत.

हे शक्य होण्याचे कारण लिनक्सच्या घडणीत आहे. लिनस तोरवाल्द्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये लिहिला तो केवळ गाभा होता. पटल हा त्याचा भाग नव्हता. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम दीर्घकाळ एक्स विंडो सिस्टिमकडे होते. ही प्रणाली मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये सुरू झाली. खिडकीची कड, शीर्षपट्टी किंवा ती बंद करण्याचे बटण कसे असावे, हे ठरविण्याचे तिने हेतुतः टाळले आणि ते काम खिडकी-व्यवस्थापक या स्वतंत्र आज्ञावलीवर सोपविले. घर तेच ठेवून दारे-खिडक्या बदलाव्यात, त्याप्रमाणे हा व्यवस्थापक बदलला की पटलाचे रूप बदलते. विंडोज ९५ ही प्रणाली ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आल्यानंतर थोड्याच काळात एफव्हीडब्ल्यूएम९५ या व्यवस्थापकाने तिची राखाडी कार्यपट्टी आणि ‘स्टार्ट’ची कळ लिनक्सवर आणली. १९९७ मधील विंडो मेकरने नेक्स्टस्टेप प्रणालीचे रूप घेतले. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) या प्रकल्पांमुळे पट्टी, फाईल-व्यवस्थापक, चिन्हसंच इ. अंगे एकत्र आली, आणि रूपसंच म्हणजे थीम बदलणे सामान्य वापरणाऱ्याच्याही आवाक्यात आले.

विंडोजचे अनुकरण तुलनेने सोपे आहे. तळाशी एक पट्टी, डावीकडे किंवा मध्यभागी सूची उघडणारी कळ आणि खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात तीन बटणे एवढ्याने बरेचसे काम भागते. मॅकओएसचे मात्र तसे नाही. तेथे बटणे डावीकडे असतात, तळाशी चिन्हांची रांग असते, आणि आज्ञांची सूची खिडकीत नसून पडद्याच्या वरच्या कडेस असते. ही सूची वर नेण्यासाठी प्रत्येक आज्ञावलीने आपल्या सूचीची माहिती पट्टीस पुरवावी लागते. जी आज्ञावली ती पुरवत नाही, तिच्या बाबतीत वरची पट्टी रिकामी राहते किंवा सूची खिडकीतच दिसते. शिवाय लिनक्सवरील आज्ञावल्या जीटीके, क्यूटी अशा निरनिराळ्या साधनसंचांवर रचलेल्या असल्याने प्रत्येकासाठी रूपसंच वेगळा लागतो. तो नसल्यास एकाच पडद्यावर दोन तऱ्हांची बटणे शेजारीशेजारी दिसतात व सोंग उघडे पडते.

अनुकरणाचा एक प्रकार केवळ दिखाऊ नाही. रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या लिबरेशन अक्षरसंचांतील अक्षरांची रुंदी एरियल, टाइम्स न्यू रोमन व कुरिअर न्यू यांच्या अक्षरांइतकीच ठेवलेली आहे. त्यामुळे विंडोजवर तयार झालेला मजकूर लिनक्सवर उघडला, तरी ओळी त्याच ठिकाणी तुटतात व पानांची संख्या सहसा बदलत नाही. कचेरीतील कामास खिडकीच्या रंगापेक्षा याचाच उपयोग अधिक.

बाह्यरूपावर मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्ट व ह्यूलेट-पॅकार्ड यांच्याविरुद्ध दावा लावला; १९९४ मध्ये अपील न्यायालयाचा निकालही ॲपलच्या विरोधात गेला. एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या यांसारख्या सर्वसाधारण कल्पनांवर त्यामुळे एकाधिकार राहिला नाही. बोधचिन्हे, नावे व मूळ चित्रे यांना मात्र संरक्षण आहेच. २००१ मध्ये निघालेल्या ‘लिंडोज’ या लिनक्स-वितरणावर मायक्रोसॉफ्टने नावाच्या साधर्म्यावरून खटला भरला. २००४ मधील तडजोडीत मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर दिले आणि वितरणाचे नाव ‘लिनस्पायर’ झाले.

साम्य जितके हुबेहूब, तितकी नवख्याची फसगत अधिक, असेही घडते. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर सरळ चालत नाही. त्यासाठी वाइनसारखा मध्यस्थ लागतो. ‘सी’, ‘डी’ अशी साठवणीच्या भागांची नावे तेथे नसतात, आणि फाईलींच्या नावांत रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे सामान्यतः भिन्न मानली जातात. म्यूनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक तिकडे वळविले, परंतु २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. त्या वादात दस्तऐवजांची देवाणघेवाण व विशिष्ट आज्ञावल्यांची गरज हे मुद्दे पुढे आले होते. पटलाच्या रूपाने ते सुटण्यासारखे नव्हते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नसल्याने त्यांच्या मालकांपुढे नवा संगणक घेणे किंवा प्रणाली बदलणे असा प्रश्न उभा राहिला. आयर्लंडमधील झोरिन ओएस हे २००९ पासूनचे वितरण अशांना परिचित वाटेल अशी मांडणी निवडू देते. काली लिनक्समध्ये २०१९ पासून मिळणारी सोय निराळ्या कारणासाठी आहे : सार्वजनिक ठिकाणी शेजाऱ्याचे लक्ष वेधले जाऊ नये म्हणून तिच्यायोगे पटल क्षणात विंडोज १० सारखे होते.

रूपसंचांस विरोधही आहे. ग्नोमसाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्या काहींनी २०१९ मध्ये वितरणकर्त्यांना जाहीर विनंती केली, की आमच्या आज्ञावल्यांवर परस्पर रूपसंच चढवू नयेत; त्यामुळे अक्षरे पुसट होतात, चिन्हांचा अर्थ बदलतो व तक्रारी मात्र मूळ लेखकाकडे येतात. ही तक्रार रास्त आहे. एक्सची जागा घेत असलेल्या वेलँड या पद्धतीत पडदा सांभाळणे व खिडक्यांची व्यवस्था ही कामे एकाच आज्ञावलीत एकवटलेली असल्याने जुने खिडकी-व्यवस्थापक तेथे जसेच्या तसे चालत नाहीत. केडीईने मात्र पटलाचे संपूर्ण रूप एकत्रित बदलण्याची सोय कायम ठेवली आहे.