मुले ताणावर सोडू नयेत

संत्र्याची बाग डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताणावर सोडल्याखेरीज आंबिया बहर नीट फुटत नाही, हे वरूड तालुक्यातील प्रत्येक बागाइतदारास ठाऊक असते. आणि म्हणूनच की काय, दहावी-बारावीच्या मुलांनाही ताण दिल्याशिवाय त्यांच्या हातून काही घडावयाचे नाही, ही समजूत येथील कित्येक सुज्ञ पालकांच्या मनात घर करून बसली आहे. परंतु तोच बागाइतदार जमिनीचा पोत पाहून ताणाची मुदत ठरवितो, पाने रोज न्याहाळतो आणि वेळ येताच पाणी सोडतो, कारण ताण हाताबाहेर गेला तर झाडच वाळते, हे तो जाणतो. माफक व अल्पकालीन ताणाने चित्त एकाग्र होते, हे खरे. पण तोच महिनोन्महिने अखंड राहिला, तर निद्रा, भूक आणि स्मरणशक्ती या तिन्हींचा ऱ्हास होतो.

रात्री जागून केलेला अभ्यास अधिक फलदायी, हाही असाच समज. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तासांची झोप आवश्यक असते, आणि वाचलेले स्मृतीत स्थिर होण्याचे कार्य बहुतांशी निद्रेतच चालते.

“खाऊनपिऊन सुखी असलेल्या पोट्ट्याले कायचं टेन्शन?” हा प्रश्न मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मानसिक विकारांपैकी निम्मे अठराव्या वर्षापर्यंतच सुरू होतात. शिवाय बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मृग बहराचा सौदाही त्याच सुमारास, तेव्हा भाव पडल्याची आणि कर्जाच्या हप्त्याची घरात दबक्या आवाजात चाललेली बोलणी मुलाच्या कानी पडत नाहीत, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मूल याला ‘टेन्शन’ म्हणणारही नाही. पोट दुखते म्हणेल, चिडेल किंवा गप्प बसेल.

सर्वांत घातक समज असा, की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे मुलास विचारल्याने तो विचार त्याच्या मनात शिरतो. संशोधनाची ग्वाही याच्या विरुद्ध आहे: शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. तेव्हा संशय येताच विचारा, उत्तर मध्येच न तोडता ऐका, मुलास एकटे सोडू नका आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही शासकीय सेवा विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.