नील्सचा मुलगा, पण कुठल्या गावचा?

डेन्मार्कच्या शेतकरी घरांत आडनाव पिढीगणिक बदलत असे. जेन्सचा मुलगा नील्स, म्हणून तो नील्स जेन्सन. नील्सचा मुलगा पीटर मात्र जेन्सन नव्हे, नील्सन. मुलींना बापाच्या नावापुढे ‘डॅटर’ लागे आणि लग्नानंतरही ते तसंच राही. सरदार घराण्यांना १५२६ मध्येच कायम आडनाव घ्यायला लावलं होतं, पण सामान्य रयतेपर्यंत ती सक्ती यायला तीनशे वर्षं लागली. १८२८ च्या हुकमाने बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला कुळाचं नाव देणं बंधनकारक केलं. खेड्यांनी तो मनावर घेतला नाही, म्हणून १८५६ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. असं करता करता कुठल्याशा एका पूर्वजाचं पहिलं नाव साऱ्या वंशाला कायमचं चिकटलं.

याच सुमाराला अमेरिकेची वाट रुळली. १९२० पर्यंतच्या शंभर वर्षांत सुमारे तीन लाख डॅनिश माणसं तिकडे गेली. १८४९ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं, पुढच्याच वर्षी मॉर्मन प्रचारक कोपनहेगनला आले आणि हजारो कुटुंबं युटाकडे निघाली. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग हातचं गेलं, तेव्हा प्रशियाच्या फौजेत भरती होण्यापेक्षा समुद्र ओलांडणं तिथल्या कितीतरी तरुणांनी पसंत केलं. अशा घरांत बाप जेन्सन आणि मुलं नील्सन असली, तर अमेरिकेत कुणी बापाचं नाव घेतलं, कुणी स्वतःचं ठेवलं. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी झाली ती अशी. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर स्थलांतरितांना तपासणाऱ्या कारकुनाने नाव बदललं, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा खरी धरू नये. तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीशी माणूस ताडून पाहत. बदल बहुधा नंतर, शाळेत, कामावर किंवा शेजाऱ्यांच्या तोंडी झाला.

म्हणूनच नुसत्या ‘नील्सन’वरून मूळ शोधता येत नाही. शोधायचं ते गाव. गाडी तिथेच अडते आणि तिथूनच सुटते.

गाव सापडायला कोपनहेगन पोलिसांच्या नोंदवह्या उपयोगी पडतात. स्थलांतर एजंटांवर देखरेख ठेवण्यासाठी १८६९ ते १९४० या काळात जाणाऱ्याचं नाव, वय, धंदा आणि शेवटचं राहण्याचं ठिकाण त्यांत लिहिलं जाई. हॅम्बुर्गमार्गे गेलेल्यांसाठी त्या बंदराच्या याद्या चाळाव्यात. पुढे १८४५ ची जनगणना, कारण जन्मगाव पहिल्यांदा तिनेच विचारलं. लष्करी भरतीच्या वह्या तर त्याहून मोलाच्या. १७८९ पासून शेतकऱ्याच्या मुलाचं नाव जन्मापासूनच त्यांत चढे, बापाच्या नावासकट.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो चर्चच्या वह्यांबद्दल. १८१४ च्या सुमारापासून प्रत्येक पॅरिशची वही दोन प्रतींत ठेवायची, एक पाद्र्याकडे, दुसरी त्याच्या साहाय्यकाकडे, आणि दोन्ही एका छपराखाली रात्रभर राहता कामा नयेत, असा दंडक होता. आगीत एक गेली तरी दुसरी उरावी, म्हणून. पाव शतकापूर्वीची नव्हे, दोनशे वर्षांपूर्वीची ही दूरदृष्टी आज कुणा नातवाला पणजोबांपर्यंत पोचवते.

सगळ्यांचंच नाव ‘सन’वर संपत नाही. माउंट रशमोरचे शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांचे आईवडील डेन्मार्कहून आलेले मॉर्मन. त्यांचं आडनाव उत्तर जटलंडमधल्या, जुन्या मठासाठी ओळखल्या जाणाऱ्या बोर्ग्लम गावाकडे बोट दाखवतं. अमेरिकेत ‘ओ’वरची तिरपी रेघ गळाली एवढंच. मुंबईत १९३८ मध्ये ‘लार्सन अँड टुब्रो’ उभी करणाऱ्या दोन डॅनिश इंजिनियरांपैकी हेनिंग होल्क-लार्सन यांच्या नावातलं ‘लार्सन’ मात्र पहिल्या, बापाच्या नावाच्या जातीचं.

इतक्या जेन्सन-नील्सन-हॅन्सनांची सरमिसळ सरकारलाही नकोशी झाली. १९०४ च्या कायद्याने आडनाव बदलणं सोपं केलं आणि अनेकांनी आपल्या शेताचं किंवा गावाचं नाव घेतलं. अशा घराचा माग काढताना १९०४ नंतरचं नाव अमेरिकेतल्या चुलत शाखेशी जुळणार नाही, हे धरूनच चालावं. जुन्या वह्यांच्या प्रती डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. गॉथिक वळणाचं हस्ताक्षर वाचायला शिकावं लागतं, आणि ते महिन्याभराच्या चिकाटीने जमतं.