मका पिकातील तणनाशकांची तुलना : निकष आणि अन्वयार्थ

प्रस्तावना

खरीप मका पेरणीनंतर पहिला महिनाभर सावकाश वाढतो. ओळींमधील अंतर 60 ते 75 सें.मी. असल्यामुळे मोकळ्या जमिनीवरील तणांना पाणी, अन्नद्रव्ये व सूर्यप्रकाश विनासायास मिळतो. पेरणीनंतरचे साधारणतः 15 ते 45 दिवस हा पीक-तण स्पर्धेचा निर्णायक कालखंड होय. नेमक्या याच दिवसांत पावसाची झड लागली की वाफसा येत नाही, कोळपणी लांबते आणि खुरपणीसाठी मजूर मिळेनासे होतात. तणनाशकांचा वापर वाढण्यामागे हे कारण आहे. त्यांपैकी अधिक परिणामकारक कोणते, हे कोणत्या निकषांवर ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तणनाशकांची कार्यपद्धती

अ‍ॅट्राझीन हे प्रामुख्याने उगवणपूर्व वापरले जाते. हेक्टरी 0.5 ते 1 किलो क्रियाशील घटक जमिनीवर फवारल्यास ते तणांतील प्रकाशसंश्लेषण रोखते. मक्याच्या पेशींतील विकरे त्याचे निष्प्रभ संयुगात रूपांतर करतात, त्यामुळे पिकाला इजा होत नाही. पेंडीमेथॅलिन अंकुरणाऱ्या तणांतील पेशीविभाजन थांबवते; उगवून आलेल्या तणांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. टेम्बोट्रायोन (हेक्टरी 120 ग्रॅम क्रियाशील घटक) व टोप्रामेझोन (25.2 ग्रॅम) ही उगवणोत्तर तणनाशके असून त्यांच्या प्रभावाने तणांची कोवळी पाने पांढरी पडतात. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून पुन्हा फुटतो. त्यामुळे त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलसारख्या वेगळ्या रसायनाचा विचार करावा लागतो. सारांश, शेतात कोणती तणे आहेत हे नमूद केल्याविना केलेली तुलना अपूर्ण ठरते.

मोजमापाचे निकष

तणनियंत्रण क्षमता काढताना तणांचे शुष्क वजन विचारात घेतात. निंदणी न केलेल्या वाफ्यातील वजनाच्या तुलनेत प्रक्रियेच्या वाफ्यात ते किती टक्के घटले, हे पाहिले जाते. तणनिर्देशांक मात्र पूर्णतः तणमुक्त वाफ्याच्या तुलनेत उत्पादन किती टक्के घटले, हे दर्शवतो.

समजा, निंदणी न केलेल्या वाफ्यात दर चौ.मी. 200 ग्रॅम तण आहे. साठाव्या दिवशी ‘अ’ तणनाशकाच्या वाफ्यात ते 40 ग्रॅम व ‘ब’च्या वाफ्यात 60 ग्रॅम आढळले, तर नियंत्रण क्षमता अनुक्रमे 80 व 70 टक्के येते. तणमुक्त वाफ्याचे उत्पादन हेक्टरी 60 क्विंटल असताना ‘अ’ने 48 व ‘ब’ने 54 क्विंटल दिले, तर तणनिर्देशांक अनुक्रमे 20 व 10 होतो. अधिक तण मारणारे ‘अ’ येथे उत्पादनात मागे पडते. त्याची फवारणी निर्णायक कालखंड उलटल्यावर झाली असेल किंवा पिकालाच इजा झाली असेल, तर असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून दोन्ही निकष एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

हंगामापलीकडील परिणाम

एका हंगामाचे आकडेही पुरेसे नसतात. अ‍ॅट्राझीनचे अवशेष जमिनीत टिकल्यास पुढील संवेदनशील द्विदल पिकाला किंवा भाजीपाल्याला बाधा पोहोचू शकते. मक्यात सोयाबीनचे आंतरपीक असेल, तर अ‍ॅट्राझीन टाळावेच लागते. भूजलातील अवशेषांच्या प्रश्नावरून युरोपीय संघाने 2004 मध्ये त्याला मान्यता नाकारली. शिवाय एकाच गटाचे रसायन वर्षानुवर्षे फवारल्यास प्रतिकारक्षम तणांची निवड होत जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ट्रायझीन गटाला दाद न देणारे तण 1970 मध्येच नोंदवले गेले.

निष्कर्ष

तणनाशकांची तुलना म्हणजे मेलेल्या तणांची मोजदाद नव्हे. तणांचे प्रकार, फवारणीची वेळ, तणनिर्देशांक, पुढील पीक व निव्वळ नफा यांचा एकत्रित विचार झाला पाहिजे. उगवणपूर्व फवारणी, आवश्यकतेनुसार वेगळ्या गटाचे उगवणोत्तर तणनाशक व वाफसा मिळताच कोळपणी, असा मेळ घातल्यास कोणत्याही एका रसायनावरील भार कमी होतो. महाविद्यालयीन प्रक्षेत्रावरील प्रयोगांत तणमुक्त व निंदणीविरहित असे दोन्ही तुलनात्मक वाफे ठेवल्यासच त्यांचे निष्कर्ष शेतकऱ्यास विश्वासार्ह मार्गदर्शन करू शकतील.